एचआयव्हीबाधितांना मिळणारी मदत आणि तिची भाषा : पेण-रोहा परिसराच्या संदर्भात

एखादे औषध शासनाने विनामूल्य केले, म्हणजे ते गरिबाच्या हाती पडलेच, असा एक समज सुशिक्षित समाजात रूढ आहे. एचआयव्हीच्या बाबतीत हा समज किती अपुरा आहे, हे रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा या दोन तालुक्यांकडे पाहिले असता चटकन ध्यानात येते. हे तालुके दुर्गम म्हणता येतील असे नाहीत. पेण मुंबई-गोवा महामार्गावर आहे. रोहा हे तर कोकण रेल्वेच्या आरंभाचे स्थानक. दोन्ही ठिकाणी शासकीय रुग्णालये आहेत आणि जिल्ह्याचे मुख्य रुग्णालय अलिबागला, पेणपासून सुमारे तीस किलोमीटरवर आहे. असे असूनही गरीब बाधिताला औषधापर्यंत नेण्यासाठी आणि तेथे टिकवून धरण्यासाठी धर्मादाय संस्थांची व गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्त्यांची गरज राहतेच. ही गरज नेमकी कशाची आहे? तिचा एक भाग पैशाचा आहे, हे उघडच आहे. दुसरा भाग भाषेचा आहे, आणि तो पहिल्याइतकाच मोठा असूनही त्याची चर्चा फारशी झालेली नाही. रोग्याला मदत मिळण्यासाठी काय बोलावे लागते, कोणासमोर बोलावे लागते आणि कोणत्या शब्दांत बोलावे लागते, यांवर ती मदत पोहोचणे किंवा न पोहोचणे पुष्कळदा अवलंबून असते.

प्रथम औषधाची हकीकत थोडक्यात पाहू. भारतात या विषाणूची लागण झालेल्या व्यक्ती प्रथम १९८६ मध्ये चेन्नई येथे (तेव्हाच्या मद्रासमध्ये) आढळल्या. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली. १९९६ च्या सुमारास अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धती प्रभावी ठरली. परंतु त्या उपचाराचा वार्षिक खर्च दहा हजार डॉलरांहून अधिक होता, म्हणजे भारतीय शेतमजुराच्या दृष्टीने तो उपचार अस्तित्वातच नव्हता. २००१ च्या फेब्रुवारीत सिप्ला या मुंबईच्या कंपनीचे प्रमुख युसुफ हमीद यांनी तीन औषधांचे मिश्रण वर्षाला ३५० डॉलरांत देण्याची तयारी दर्शविली आणि जगभरच्या किमतींचा पायाच हलला. या कंपनीचा एक कारखाना रायगड जिल्ह्यातच, पेणच्या शेजारच्या पाताळगंगा परिसरात आहे. दक्षिण आफ्रिकेतील रोग्यांना ज्या उद्योगाने आशा दाखविली, त्याची धुराडी जेथून फार दूर नाहीत, त्या गावांतील रोग्यांना मात्र आणखी काही वर्षे थांबावे लागले. १ एप्रिल २००४ पासून शासनाने निवडक राज्यांतील आठ रुग्णालयांत हे औषध विनामूल्य देण्यास प्रारंभ केला, मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्यांपैकी एक होते. प्रारंभी रक्तातील सीडी-४ पेशींची संख्या दर घन मिलिमीटरला २०० च्या खाली गेल्यावरच सामान्यतः औषध सुरू होत असे. पुढे ही मर्यादा ३५०, मग ५०० अशी वाढत गेली आणि २०१७ पासून ती अट राहिलीच नाही. चाचणीत लागण सिद्ध झाली, की औषध सुरू करावयाचे, असे धोरण झाले. आज बहुसंख्य प्रौढ रोग्यांना दिवसाला एक गोळी पुरते.

परंतु ही गोळी जन्मभर घ्यावी लागते, आणि येथेच खरा प्रश्न उपस्थित होतो. हे औषध विषाणूला दाबून ठेवते. त्याचे उच्चाटन करीत नाही. गोळी नियमित घेतली, तर काही महिन्यांत रक्तातील विषाणूंचे प्रमाण चाचणीला न सापडण्याइतके उतरते, रोगी कामाला लागतो आणि लैंगिक संबंधातून त्याच्यापासून दुसऱ्याला लागण होत नाही. गरोदर स्त्रीने औषध घेतले नाही, तर तिच्या अपत्याला लागण होण्याची शक्यता शेकडा १५ ते ४५ असते. औषधाने ती शेकडा पाचाच्याही खाली आणता येते. उलटपक्षी गोळ्या वारंवार चुकल्या, तर विषाणू पुन्हा वाढतो आणि औषधाला दाद न देणारे त्याचे प्रकार बळावतात. हिवताप किंवा विषमज्वर यांच्या उपचाराला शेवट असतो. या उपचाराला शेवट नाही. म्हणून त्यासाठी करावयाची वाटचालही संपत नाही.

ही वाटचाल कोणाला करावयाची आहे? पेणच्या खाडीकाठचा खारेपाट, गणेशमूर्तींचे कारखाने, रोह्याजवळचे धाटावचे रासायनिक औद्योगिक क्षेत्र आणि डोंगरउतारांवरील कातकरी व ठाकूर वाड्या, असे या भूभागाचे ढोबळ चित्र आहे. मूर्तिकामात हंगामी मजुरी मोठी आहे. गणेशचतुर्थीच्या आधीच्या दोन महिन्यांत एक दिवसाची रजा म्हणजे एका दिवसाच्या मजुरीचा तोटा, आणि कित्येकदा कामही जाण्याची भीती. कातकरी कुटुंबांची स्थिती अधिक बिकट आहे. भातकापणी आटोपली, की अनेक कुटुंबे वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर जातात आणि पाऊस तोंडावर आला म्हणजे परततात. या सहा-सात महिन्यांत त्यांचे केंद्र बदलते, जिल्हा बदलतो, प्रसंगी राज्यही बदलते. एका केंद्रावरून दुसऱ्या केंद्रावर औषध मिळण्याची व्यवस्था शासनाच्या कार्यक्रमात आहे. परंतु तीसाठी आधी सांगावे लागते, पत्र घ्यावे लागते. भट्टीच्या मुकादमाने ट्रक आणून उभा केला, की कुटुंब त्याच रात्री निघते. पत्र घेण्यास सवड नसते. दुसऱ्या महिन्यात गोळ्या संपतात आणि मुकादमापाशी उचल घेतलेली असल्यामुळे मधूनच परत येणे शक्य होत नाही.

या ठिकाणी धर्मादाय संस्था जे करू शकते, ते वरवर पाहता अगदी सामान्य असते. ती भाड्याचे पैसे देते. पहिल्या भेटीला कोणी सोबत जातो. क्षयाची तपासणी राहिली असेल तर ती करवून घेते. स्थलांतराच्या आधी पत्राची आठवण करते. घरी शिधा पोहोचविते. यांपैकी एकाही गोष्टीला वैद्यकीय म्हणता येणार नाही, आणि यांपैकी एक जरी राहिली तरी वैद्यकीय उपचार खंडित होतो. मदतीचा हा भाग मोजता येतो, हिशेबात दाखविता येतो, म्हणून अहवालांतून तोच वाचावयास मिळतो.

न मोजता येणारा भाग समजण्यासाठी एस.टी.चा प्रवास घ्यावा. राज्य परिवहन महामंडळाच्या भाडेसवलतींत एचआयव्हीबाधितांचा समावेश आहे. ही सवलत स्वागतार्ह आहे, यात शंका नाही. तथापि ती घ्यावयाची तर वाहकाला ओळखपत्र दाखवावे लागते. रोह्याहून नागोठणे, वडखळमार्गे अलिबागला जाणाऱ्या गाडीत शेजारच्या बाकावर आपल्याच गावचा मनुष्य बसलेला असतो, आणि वाहकही याच मार्गावरचा, ओळखीचा असतो. सवलतीची रक्कम आणि त्या एका क्षणाचे मोल यांचा हिशेब ज्याचा त्याने करावयाचा असतो. आणि पूर्ण भाडे देऊन गप्प बसणारा रोगी मूर्ख आहे, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. याच्या शेजारी दुसरी एक सवलत ठेवून पाहावी. १७ मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना एस.टी.चे अर्धे तिकीट झाले. ही योजना रोग्यांसाठी नव्हती. पण अलिबागला औषधासाठी जाणाऱ्या स्त्रीला ती अशा रीतीने उपयोगी पडते, की तिला काहीही बोलावे लागत नाही. पहिली सवलत अधिक उदार आहे; दुसरी मुकी आहे, आणि म्हणूनच ती घेता येते.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेची गोष्टही याच प्रकारची. तिच्या पात्र व्यक्तींत एचआयव्हीबाधितांचा अंतर्भाव आहे. अनुदान २०२३ मध्ये दरमहा १५०० रुपये झाले. मात्र अर्जासोबत उत्पन्नाचा दाखला लागतो, आजाराचे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते आणि ते कागद अनेक हातांतून फिरतात. गावात तो अर्ज ‘कशाचा’ आहे, ही चौकशी सहज, कुतूहलापोटी, प्रसंगी आपुलकीनेही होते. विधवा स्त्रीला विधवा म्हणून अर्ज करता येतो आणि आजाराचे नाव घ्यावे लागत नाही, हे अनुभवी कार्यकर्त्याला ठाऊक असते. कोणत्या रकान्यातून अर्ज भरावा, हा निर्णय दिसण्यात कारकुनी असला, तरी त्यावर एका कुटुंबाचे गावातील स्थान अवलंबून असू शकते.

आजाराच्या नावांकडे वळताना असे दिसते, की मराठीत या रोगाला स्वतःचे नाव मिळालेच नाही. परिभाषाकारांनी ‘उपार्जित’, ‘प्रतिकारक्षमता’, ‘न्यूनता’ इत्यादी पदे जोडून नाव घडविण्याचा यत्न केला. ते रूढ झाले नाही, आणि होण्यासारखे नव्हतेही. ‘एड्स’ हा शब्द मात्र तत्काळ रुजला, आणि तो जुन्या ‘गुप्तरोग’ या शब्दाच्या रिकाम्या घरात जाऊन बसला. त्यामुळे विषाणूची लागण व त्या लागणीची शेवटची अवस्था यांतील भेद बोलीत पुसला गेला. औषध घेऊन ठणठणीत असलेल्या मनुष्यालाही ‘एड्स आहे’ असे म्हटले जाते, आणि ऐकणारा त्याच्या मरणाची वाट पाहू लागतो. लिखित भाषेत प्रथम ‘एड्सग्रस्त’ आले, नंतर ‘एचआयव्हीग्रस्त’, पुढे ‘बाधित’, आणि अलीकडे ‘एचआयव्हीसह जगणारी व्यक्ती’. ‘ग्रस्त’ म्हणजे गिळलेला, ग्रहणाचा शब्द. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त यांच्या पंक्तीत तो अनुकंपा जागवितो, पण गिळलेल्या मनुष्यापाशी स्वतःचे काही करण्याचे सामर्थ्य उरते, असे तो सुचवीत नाही. ‘सह जगणारी’ ही शब्दयोजना भाषांतराचा वास मारणारी असली, तरी तीत क्रियापद रोग्याकडे आले आहे, हे मान्य केले पाहिजे.

क्रियापदाचा हा मुद्दा अधिक खोल जातो. मराठीत आजार व्यक्तीकडे सामान्यतः चतुर्थीने येतो: ‘त्याला ताप आला’, ‘तिला क्षय झाला’. या रचनेत मनुष्य आजाराचा भोक्ता असतो, कर्ता नसतो. म्हणून दोषाचा प्रश्नच उद्भवत नाही. एचआयव्हीविषयी बोलताना मात्र तृतीया सहज शिरकाव करते: ‘त्याने आजार ओढवून घेतला’, ‘तिने तो घरात आणला’. विभक्ती बदलली, की भोक्ता कर्ता होतो आणि कर्त्याबरोबर अपराध येतो. नवऱ्यापासून लागण झालेल्या स्त्रीची चाचणी गरोदरपणी आधी होते, म्हणून तिचा अहवाल आधी येतो. आणि एवढ्याच कारणाने ‘तिने आणला’ हे वाक्य घरात उच्चारले जाण्यास वाव मिळतो. चाचणीचा क्रम हा लागणीचा क्रम नव्हे, हे समुपदेशकाने सांगावयाचे असते. परंतु ते सांगताना त्याने स्वतःच ‘कोणी आणला’ हा प्रश्न मान्य करून त्याचे उत्तर नवऱ्याकडे वळविले, तर विभक्ती तीच राहते आणि उपचाराला येणारे एक माणूस कमी होते. ‘तुम्हा दोघांना लागण झाली आहे, दोघांनाही औषध आहे’ एवढे चतुर्थीतील वाक्य अशा वेळी पुरेसे होते.

स्वतः धर्मादाय संस्थांची भाषाही या दोषापासून मुक्त नाही. देणगीदारापुढे मांडावयाच्या मजकुरात ‘निष्पाप बालके’ हा शब्दप्रयोग विपुल आढळतो. बालके निष्पाप आहेत, हे कोणी नाकारले होते? त्यांना तसे म्हणताच त्यांच्या माता-पित्यांकडे बोट जाते, आणि माता-पिता उपचारावाचून राहिले तर बालकही पोरके होते. शिवाय देणगीदाराला हकीकत हवी असते, छायाचित्र हवे असते. ज्याची हकीकत, त्याला ती सांगितली जाऊ नये असे वाटते. दात्याची जिज्ञासा आणि घेणाऱ्याचे मौन यांच्यामध्ये संस्था उभी असते. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आला. त्याने संमतीविना चाचणी करण्यास व रोग्याची ओळख उघड करण्यास मनाई केली आहे. या अधिनियमाने योजलेली ‘संरक्षित व्यक्ती’ ही संज्ञा अभ्यासकांनी मुद्दाम पाहण्याजोगी आहे. तीत बाधित व्यक्ती तर येतेच, पण तिच्याबरोबर राहणारी, आज राहत असलेली किंवा पूर्वी राहिलेली, बाधा नसलेली माणसेही येतात. त्यामुळे कोणी स्वतःस संरक्षित व्यक्ती म्हटले, तर तेवढ्यावरून त्याच्या रक्ताविषयी काहीच सिद्ध होत नाही. कायद्याच्या रूक्ष भाषेत अशी सूक्ष्म जाण क्वचितच आढळते.

महाराष्ट्रातील रुग्णसेवेच्या परंपरेत हा विवेक अपरिचित नाही. कुष्ठरोगाला पूर्वी ‘महारोग’ म्हणत. बाबा आमटे यांची संस्था ‘महारोगी सेवा समिती’ या नावाने नोंदलेली आहे, परंतु तिच्या वसाहतीचे नाव ‘आनंदवन’. अमरावतीच्या शिवाजीराव पटवर्धनांनी ‘तपोवन’ उभे केले. खुद्द रायगड जिल्ह्यात, पनवेलजवळ नेरे येथे कुष्ठरोग निवारण समितीचे ‘शांतिवन’ आहे. तिन्ही ठिकाणी संस्थेच्या नोंदणीत रोगाचे नाव आणि राहत्या जागेला वनाचे नाव, ही योजना योगायोगाची वाटत नाही. पत्रावर घालावयाच्या पत्त्यात रोग नसावा, एवढी काळजी तीत दिसते. पंढरपूर येथे मंगल शहा यांनी एचआयव्हीबाधित मुलांसाठी चालविलेल्या संस्थेचे ‘पालवी’ हे नावही याच परंपरेतील. याच्या उलट टोकाला सांगलीच्या ‘संग्राम’ या संस्थेच्या प्रेरणेने संघटित झालेल्या स्त्रियांची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ आहे. तेथे हिणकस मानलेला शब्दच मुद्दाम पुढे केला आहे. दोन्ही मार्ग सार्थ आहेत, पण ते दोन वेगळ्या परिस्थितींचे आहेत. जेथे बाधितांचा समूह एकत्र उभा राहू शकतो, तेथे शब्द उघड उच्चारण्यात बळ आहे. वाडीत एकच बाधित घर असेल, तेथे तोच शब्द त्या घराला पाण्याच्या हौदापासून दूर करू शकतो.

आता उपचार समजावून सांगण्याच्या भाषेविषयी थोडे. सीडी-४ पेशी म्हणजे शरीराचे सैनिक, विषाणू म्हणजे शत्रू, औषध म्हणजे कुमक, हे रूपक सर्वत्र वापरले जाते. ते कळावयास सोपे आहे. मात्र त्यात एक धोका आहे. युद्धाला शेवट असतो. फौज पुन्हा भरली, शत्रू दिसेनासा झाला, असे कळल्यावर रोग्याने गोळी बंद केली, तर त्याने रूपकाचा अर्थ अचूकच लावला, असे म्हणावे लागेल. पेणच्या खारेपाटात याहून योग्य दृष्टान्त दारातच आहे. तेथील भातशेती समुद्राच्या पातळीलगत असून खाडीच्या पाण्यापासून ती मातीच्या बांधांनी राखली जाते. बांध समुद्राला जिंकीत नाही. तो पलीकडे असतोच, दिवसातून दोनदा येतो आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला चढतो. बांध धड असेल तोवर आत गोडे भात पिकते. लहानशा भगदाडाकडे दुर्लक्ष झाले, की त्याची खांड होते, खारे पाणी शेतात शिरते आणि पुढची काही वर्षे जमीन पीक देत नाही. हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. शेत हिरवे दिसते म्हणून बांध काढून टाकावा, असे तेथील कोणीही म्हणणार नाही. दररोजच्या गोळीचे मर्म यापेक्षा नेमक्या रीतीने सांगता येईल, असे वाटत नाही. या बांधांच्या राखणीसाठी पूर्वी ‘जोळ’ ही सामाईक श्रमाची पद्धत होती. ज्यांची शेते एका बांधाआड, त्यांनी मिळून तो बांध सांभाळावयाचा. मदत करणाऱ्या संस्थेचे गावातील स्थान समजावून देण्यासही हा शब्द उपयोगी पडण्याजोगा आहे. कारण त्यात दाता आणि याचक असा भेद नाही. अर्थात हा दृष्टान्त खारेपाटापुरता. रोह्याच्या डोंगरातील कातकऱ्याला तो परका वाटेल. त्याच्यासाठी त्याच्या बोलीतून, त्याच्या जगण्यातून दुसरा शोधावा लागेल. तो शोधण्याचे काम त्या बोलीच्या अभ्यासकाला कार्यकर्त्याच्या जोडीने करता येण्यासारखे आहे.

संमतीच्या प्रश्नात तर ही उणीव विशेष जाणवते. कायदा जाणीवपूर्वक दिलेली संमती मागतो. प्रमाण मराठीतील छापील मजकूर वाचून दाखविला आणि अंगठा घेतला, म्हणजे कागद पुरा होतो. जाणीव पुरी झाली की नाही, हे कागदावरून कळत नाही. ‘अहवाल पॉझिटिव्ह आहे’ या वाक्यात शुभ काय आणि अशुभ काय, हेही प्रथम ऐकणाऱ्याला उमगतेच असे नाही.

राहता राहिला सौम्य शब्दांचा प्रश्न. शासकीय व्यवहारात ‘दुर्धर आजार’ हा शब्द एचआयव्हीसाठी आडपडदा म्हणून वापरला जातो. आडपडदा काही काळच टिकतो. ‘महारोग’ हाही एके काळी असाच मोघम शब्द होता. पुढे त्याचीच शिवी झाली आणि ‘कुष्ठरोग’ हा संस्कृत शब्द पुन्हा पुढे आणावा लागला. ‘दुर्धर’ची वाटचाल त्याच दिशेने चालू आहे: कोणता दुर्धर, असे आता विचारावे लागत नाही. म्हणून सावध कार्यकर्ते नवा पर्यायी शब्द घडविण्याच्या भरीस पडत नाहीत. भाड्याच्या पावतीवर ‘प्रवासखर्च’, शिध्याच्या नोंदीत ‘शिधा’, आणि अलिबागला कशाला, या प्रश्नाला ‘दवाखान्यात’ एवढेच उत्तर, असा त्यांचा परिपाठ असतो. ताप, मधुमेह, दाढदुखी या सर्वांना पुरणारे हे शब्द आहेत, आणि इतक्यांनी वापरल्यामुळे ते झिजून कोणाच्याच नावाचे राहिलेले नाहीत.